खाणीतली चिलापी

यंत्राने "सोडा" असं म्हटलं, तेव्हा श्रीरंग कुलथेच्या हातात लाकडी दांडका होता.

मासा जेमतेम तळहाताएवढा. करडं अंग, कल्ल्यांपाशी पांढुरका, पाठीवरचे काटे ताठ उभारलेले. चिलापी. तांबजाई धरणावर गळ टाकायला येणाऱ्या नवख्या माणसाला श्रीरंग पहिली गोष्ट सांगायचा ती हीच, की चिलापी लागली तर परत पाण्यात सोडायची नाही. डोक्यात दांडका घालायचा. खायची असेल तर खा, नाहीतर नारळाच्या मुळाशी पुरा. धरणाच्या भिंतीवर तसा फलकही त्यानेच स्वतः रंगवून लावला होता.

"सोडा," यंत्र पुन्हा म्हणालं. काडेपेटीएवढं ते यंत्र. त्याची कांडी माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थराला लावली की अर्ध्या मिनिटात निकाल द्यायचं. आवाज बाईचा होता, शांत आणि जरा शिष्ट.

"आरं रंगा, बाई दोनदा सांगती हाय तुला," शेजारी बसलेला हिरामण तारू हसत म्हणाला. "बायकोचं तरी एवढं ऐकून घेतोस का?"

श्रीरंग हसला नाही. वीस वर्षांत त्याने एकही चिलापी परत सोडली नव्हती. त्याने दांडका खाली ठेवला, वाकला आणि मासा पाण्यात धरला. क्षणभर तो तिथेच तोंड उघडझाप करत थांबला, मग शेपटीचा फटकारा मारून गढूळ पाण्यात नाहीसा झाला. श्रीरंगला वाटलं, आपण चोराला घराची किल्ली दिली.

श्रीरंग आणि हिरामण एकाच शाळेतले, एकाच बाकावरचे. पुढे श्रीरंगने तालुक्याच्या गावी चष्म्याचं दुकान टाकलं. आता लोक फोनवरच डोळे तपासून घेत आणि चष्मा घरपोच येई, त्यामुळे दुकानात त्याला फारसं काम उरलं नव्हतं. हिरामण भोईवाडीतला. धरणात जाळं टाकावं आणि त्याच्या बायकोने, सगुणाने, भिंतीजवळच्या टपरीवर मासे तळून विकावेत, यावर त्यांचं घर चाले. दर रविवारी दोघे मित्र एका खडकावर बसत. हिरामणला गळाची हौस नव्हती. तो गप्पांसाठी यायचा.

श्रीरंगचा चिलापीवर राग होता तो खडशी या नदीतल्या जुन्या माशामुळे. धरण व्हायच्या आधी तांबजाई नदीच्या डोहांत लहान मुलाच्या उंचीची खडशी असायची, मोठ्या खवल्यांची, उन्हात तांब्यासारखी चमकणारी. दोघांनी लहानपणी ती शेवटची पाहिली. मग कुणीतरी कुठून तरी चिलापी आणून पाण्यात सोडली. तिने इतर माशांची अंडी खाल्ली, काठ बळकावले, आणि पाहता पाहता सगळं धरण या एकाच माशाचं झालं.

ती चिलापी आता सोडायची, असं सांगायला डॉ. केतकी सबनीस आल्या होत्या. भोईवाडीच्या समाजमंदिरात सतरंजीवर बसून त्यांनी ते समजावलं. बाई पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या.

"माशांचंही माणसासारखंच असतं," त्या म्हणाल्या. "मादीकडे दोन एक्स, नराकडे एक एक्स आणि एक वाय. आईकडून पिल्लाला एक्सच मिळतो. बापाने एक्स दिला तर मादी जन्मते, वाय दिला तर नर. आता समजा, बापाकडे एक्स नाहीच, दोन्ही वायच आहेत. मग?"

"समदी पोरंच," मागून कुणीतरी म्हणालं.

"सगळी पोरंच. असे नर आम्ही तळ्यात वाढवलेत. नर पिल्लांना लहानपणी संप्रेरक घातलेलं खाद्य दिलं की ती अंडी घालू लागतात. त्यांची साध्या नराशी जोडी लावली, की चार पिल्लांतलं एक दुहेरी वायचं निघतं. त्यांतून निवडून पुढची पैदास करायची. पाण्यात विष घालायचं नाही, की जनुकांत कापाकापी करायची नाही. दरवर्षी हे नर धरणात सोडायचे. माद्या त्यांच्याकडून फक्त नर जन्माला घालतील. माद्या कमी होत होत संपतील, आणि उरलेले नर म्हातारे होऊन मरतील."

सगुणा दारात उभी होती. ती म्हणाली, "आमच्या वाडीत आधीच निम्मी पोरं बिनलग्नाची बसल्यात. आता माशांच्यातबी त्येच व्हय?"

सगळे हसले. डॉक्टर सबनीस हसल्या नाहीत. "हो, तेच. पण माशांच्यात ते मुद्दाम करायचंय."

मग त्यांनी अटी सांगितल्या. जाळी बंद, कारण जाळ्यातला मासा तपासण्याआधीच मरतो. गळ चालेल, पण प्रत्येक मासा यंत्राला दाखवायचा. आपला सोडलेला नर असेल तर सोडायचा, बाकी सगळे मारायचे.

"इतकी वर्षं आम्ही मारतच होतो," श्रीरंग म्हणाला. "ते काय फुकट गेलं?"

त्या म्हणाल्या, "चिलापीची मादी अंडी तोंडात उबवते. पिल्लं निघाली तरी कितीतरी दिवस तोंडात सांभाळते. तेवढे दिवस ती काही खात नाही, म्हणून गळालाही लागत नाही. नर मात्र आपल्या खळग्याजवळ जे येईल त्याला चावतो. तुम्ही मारलेत ते बहुतेक नर होते, कुलथे. माद्या खाली पिल्लं धरून बसल्या होत्या."

बाईंनी ते टोचायला म्हटलं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं.

सभा उठल्यावर हिरामण त्याला बाहेर घेऊन गेला. "बाई शिकलेल्या हायती. पर त्यांना मी वळखत न्हाई, तुला वळखतो. तू सांग. जाळं गुंडाळू?"

"गुंडाळ."

"आन् ह्ये मासं संपलं की?"

"त्या खडशी आणून सोडणार आहेत. मोठा मासा, भावही मोठा. वाडी आजच्यापेक्षा सुखात राहील."

"तुझा शबुद?"

"माझा शब्द," श्रीरंग म्हणाला.

हिरामणने जाळं गुंडाळलं, आणि त्याच्या मागे वाडीनेही.

पहिली दोन वर्षं काहीच फरक दिसला नाही. सरकारी भरपाई मिळायची, कधी वेळेवर, कधी नाही. हिरामणला प्रकल्पाची विजेवरची नाव चालवायचं काम मिळालं. यंत्राने "मारा" म्हटलेले मासे सगुणा तळायची. तिसऱ्या वर्षापासून यंत्राच्या पडद्यावर "मादी" हा शब्द दुर्मीळ झाला. डॉक्टर सबनीस महिन्यातून एकदा येत आणि सगुणाच्या टपरीवर चहा घेत आनंदाने आलेख दाखवत.

मग एका उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं. काठाजवळच्या उथळ पाण्यात श्रीरंगने जे पाहिलं, ते त्याला आलेखात दिसलं नव्हतं. चिखलात ताटाएवढे गोल खळगे होते. माद्यांना बोलवायला नर करतात ते. नजर जाईल तिथवर खळग्यांची रांग होती, प्रत्येक खळगा घासूनपुसून स्वच्छ केलेला, आणि प्रत्येकात गडद रंग चढलेला एक नर गोल गोल फिरत होता. एकाही खळग्यात दुसरा मासा नव्हता.

"नवरदेव बसल्यात मांडवात," हिरामण म्हणाला. विनोद करायला म्हणून त्याने ते म्हटलं, आणि तो काठावरून माघारी वळला.

त्याच वर्षी वाडीतली घरं रिकामी व्हायला लागली. मासे घटले होते. जाळी बंद, टोपल्या रित्या. कुणी साखर कारखान्यावर गेलं, कुणी पुण्याला पहारेकरी म्हणून. जाणारा हिरामणला भेटून जायचा, आणि हिरामण प्रत्येकाला सांगायचा, "खडशी आली की परत या."

सातव्या वर्षी डॉक्टर सबनीस म्हणाल्या, "वर्षभरात एकही मादी सापडलेली नाही. हा पावसाळा असाच गेला, की पुढच्या वर्षी खडशीची पिल्लं सोडायची."

श्रीरंग ती बातमी घेऊन हिरामणच्या घरी गेला. सगुणाने त्याला जेवायला बसवलं. भाकरी, कांदा आणि माशाचं कालवण. वर खास पाहुण्यासाठी म्हणून तिने ताटात एक तुकडा वाढला.

श्रीरंगने घास उचलला आणि तो निरखून बघितला. तुकडा पिवळसर, रवाळ होता.

"वहिनी, ही गाबोळी आहे."

सगुणाच्या हातातला डाव तसाच राहिला. हिरामण भिंतीकडे बघू लागला.

गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. कालवण चिलापीचं होतं, आणि धरणात चिलापीची एकही मादी उरलेली नव्हती.

"जेव आधी," हिरामण म्हणाला. "मग दावतो."

वाडीच्या मागे, चढावर, धरणाच्या भिंतीसाठी दगड काढलेली जुनी खाण होती. तळाला छातीएवढं हिरवं पाणी साचलेलं. हिरामणने शिळ्या भाकरीचा चुरा टाकला तसं पाणी खळबळून उठलं.

"कधीपासून?"

"दुसऱ्या सालापासनं. चार माद्या आन् दोन साधं नर टाकलं हुतं."

"हिऱ्या, ही खाण भरली तर ओहोळ सरळ धरणात जातो. एक मादी खाली गेली तरी सात वर्षं पाण्यात."

"ठाव हाय मला. म्हनून तर बांध घातलाय ततं."

"मातीचा बांध! का केलंस तू हे?"

हिरामण खाणीच्या कडेवर बसला. "शेतकरी समदं धान विकत न्हाई. थोडं बी ठिवतो. म्या बी ठिवलंय. तुझी खडशी न्हाई आली, मेली, कुनी न्हाईच सोडली, तर माझ्या वाडीनं काय खायचं? तुझं दुकान हाय, रंगा. माझं दुकान ह्ये पानी."

"मी शब्द दिलाय तुला."

"दिलास की. म्हनून तर जाळं गुंडाळलं." तो वर बघून म्हणाला, "एक पाऊस थांब. खडशी पान्यात पडल्याली डोळ्यानं बघू दे. मग ही समदी मी माझ्या हातानं मारीन. सबनीसबाईस्नी काय बोलू नगंस."

श्रीरंगने पाण्याकडे बघितलं. "थांबतो," तो म्हणाला.

त्याला खरंच थांबायचं होतं. पण मे संपत आला आणि हवामानाचे अंदाज येऊ लागले. नव्या पद्धतीचे अंदाज फारसे चुकत नसत आणि सगळ्यांनी एकच सांगितलं: या घाटात गेल्या पन्नास वर्षांत झाला नाही असा पाऊस होणार. डॉक्टर सबनीसांचा फोन आला. "कुठे काही शंकास्पद दिसलं का हो, कुलथे? एखादं डबकं, विहीर?"

"नाही," श्रीरंग म्हणाला.

खरं सांगितलं असतं तर हिरामणवर खटला झाला असता, वाडीची भरपाई थांबली असती. सांगितलं नाही आणि खाण फुटली, तर सगळं बुडालं असतं. हिरामणशी पुन्हा एकदा बोलावं, हेही त्याच्या मनात आलं. पण हिरामण काय म्हणेल ते त्याला माहीत होतं, आणि ते ऐकल्यावर आपल्याच्याने काही होणार नाही, हेही.

हिरामण बहिणीच्या गावी लग्नाला गेला, त्या सकाळी श्रीरंग मोहाच्या पेंडीची पोती गाडीत घालून खाणीवर गेला. मत्स्यतळी साफ करायला ही पेंड वापरतात. भिजवून पाण्यात टाकली की माशांच्या कल्ल्यांना श्वास घेता येत नाही. त्याने पेंड पिंपात भिजवून आणली होती. बादल्या भरभरून तो चारी बाजूंनी ओतत राहिला. पाणी तपकिरी झालं, वर फेस आला.

ऊन डोक्यावर आलं तसे मासे वर येऊ लागले. आधी लहान, मग मोठे. तोंडं पाण्याबाहेर काढून ते हवा गिळत होते. नर आडवे झाले. माद्या कडेला आल्या, अगदी त्याच्या पायाशी. एकीने तोंड उघडलं आणि त्यातून पिल्लांचा ढग बाहेर पडला, मोहरीएवढी, नुसते डोळेच डोळे. बाहेरचं पाणी लागताच पिल्लं उलटी फिरली आणि पुन्हा आईच्या तोंडात शिरू लागली. तिने तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं. पिल्लं पुन्हा बाहेर आली, पुन्हा आत गेली. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. शेवटी तोंड उघडंच राहिलं आणि पिल्लं तिच्याभोवती तरंगू लागली.

श्रीरंगने आयुष्यात हजारो चिलापी मारल्या होत्या. त्याने बादली खाली ठेवली आणि तो दगडावर बसला.

"भावजी."

सगुणा मागे उभी होती. गुडघा दुखत होता म्हणून ती लग्नाला गेली नव्हती. तिने एकदा खाणीकडे बघितलं, एकदा पोत्यांकडे.

"वहिनी, पाऊस मोठा येणार आहे. मी—"

"पेंडीनं मेलेला मासा खाता येतो," ती म्हणाली. मग साडीचा पदर खोचून, दुखरा गुडघा सांभाळत ती खाली उतरली आणि मेलेले मासे टोपलीत भरू लागली. श्रीरंग मदतीला वाकला तशी ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्यांना म्या सांगनार न्हाई. तुमीच सांगा."

लग्नाहून परतलेल्या हिरामणला श्रीरंगने त्याच्याच अंगणात सांगितलं. त्याला शिवी अपेक्षित होती, धक्काबुक्की अपेक्षित होती. हिरामणने शांतपणे घोंगडी झटकली आणि अंथरली.

"बसा," तो म्हणाला.

"हिऱ्या, असं परक्यासारखं बोलू नकोस."

"एकच पाऊस मागितला हुता तुमाला," हिरामण म्हणाला. "चहा घेनार का?"

त्या वर्षी पाऊस मोठा आलाच नाही. ढग घाटावर आले, थांबले आणि उत्तरेला सरकले. अंदाज चुकले. धरण कसंबसं भरलं. खाण अर्धीसुद्धा भरली नाही, मातीच्या बांधाला पाणी शिवलंही नाही. श्रीरंग तो पावसाळाभर रोज खाणीवर जाऊन पाणी बघत होता. पाऊस यावा, खाण भरावी, बांध फुटावा, असं त्याला मनापासून वाटत होतं. तसं झालं असतं तर निदान हिरामणला दाखवता आलं असतं.

पुढच्या वर्षी धरण चिलापीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. समारंभात डॉक्टर सबनीसांनी श्रीरंगला शाल दिली. खाणीबद्दल त्यांना कधीच कळलं नाही. खडशीची पिल्लं पाण्यात पडली, बोटाएवढी. ती बघायला हिरामण आला नाही. खडशी सावकाश वाढते. जाळी पुढची कित्येक वर्षं बंदच राहणार, हे त्याच सभेत सांगण्यात आलं. श्रीरंगने हे आधी कधी विचारलं नव्हतं. खडशी येईल, एवढंच त्याला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर त्याने शब्द दिला होता.

त्या दिवाळीच्या आत हिरामण तारूच्या घराला कुलूप लागलं.

बरीच वर्षं गेली. दुकान बंद झालं. खडकावर श्रीरंग एकटाच बसायचा. एका सकाळी त्याचा दोर असा ताणला गेला की काठी हातातून सुटते की काय असं वाटलं. बऱ्याच झटापटीनंतर मासा काठाला आला. हातभर लांब, खवले नाण्याएवढे, पोटाशी सोनेरी. खडशी. श्रीरंगने गळ काढला, तिला दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवलं. तिला पुन्हा जोर आला आणि ती गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला ओरडून कुणाला तरी हाक मारावीशी वाटली. काठावर कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो बस पकडून शेजारच्या जिल्ह्यातल्या मोठ्या धरणावर गेला. हिरामण काठावरच्या आपल्या घरासमोर जाळं वाळवत होता. केस पांढरे झालेले, खांदे वाकलेले. शेजारी टोपलीत चिलापी तडफडत होत्या. तिथे त्यांना कुणी मारा म्हणत नव्हतं की सोडा म्हणत नव्हतं.

"या," हिरामण म्हणाला. सगुणाने आतून पाणी आणून दिलं आणि तब्येत विचारली.

"खडशी लागली काल," श्रीरंग म्हणाला. "एवढी. दोन वर्षांत जाळी सुरू होणार आहेत. जुन्या घरांना पहिला हक्क आहे. मी चौकशी केली आहे. परत चल, हिऱ्या."

"पोरीचं लगीन हितंच झालं. नातू हितल्या शाळंत जातो." हिरामणने जाळ्यातली एक गाठ सोडवली. "घराचं छप्पर असंल का अजून?"

"पडलं. बांधता येईल."

"बांधता यील," हिरामणने मान डोलावली, पण ते होकारासारखं नव्हतं. मग त्याने विचारलं, "चवीला कशी हाय?"

"काय?"

"खडशी."

"खाल्ली नाही मी. सोडली."

हिरामण पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "म्हंजी तुमालाबी ठाव न्हाई," तो म्हणाला.

त्याने जाळं खांद्यावर टाकलं आणि नाव पाण्यात लोटली. नावेत आणखी एका माणसापुरती जागा होती. हिरामणने चल म्हटलं नाही, आणि श्रीरंगनेही विचारलं नाही. वल्ह्यांचा आवाज लांब जाईपर्यंत तो काठावर उभा राहिला. मग सगुणाने आतून हाक मारली, "भावजी, जेवून जा. चिलापीच हाय," आणि तो चपला काढून आत गेला.